त्यांनी खिंड धुवून काढली

शेवंता, तुझ्या शोकसभेत समोसे होते. कागदी डिशमध्ये समोशाशेजारी एकेक पेढाही होता, आणि तो कोणाच्या डोक्यातून निघाला हे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी डिश बाकाखाली सरकवली आणि तुझ्या फोटोकडे पाहत बसले. फोटोचीही त्यांनी वाट लावली होती. तुझ्या समोरचा डोंगर पुसून तिथे निळं आभाळ आणि पांढरी कबुतरं टाकली होती. तू खडकाकडे पाहून हसत होतीस ना, आता कबुतरांकडे पाहून हसते आहेस. मग आपल्या कॉलेजचे सचिव उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मडावी मॅडम म्हणजे एक शांत ज्वालामुखी होत्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

तू असतीस तर मागच्या बाकावरून पुटपुटली असतीस, "शांत कायले म्हनता, मेलेला म्हना नं सरळ." ते माझ्या कानात इतकं स्पष्ट वाजलं की मला हसू फुटलं, आणि शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मला खरंच रडू आलं, आणि त्यानंतर आली ती शिसारी. ती अजून गेलेली नाही. तेव्हा हा मजकूर गोड होणार नाही, आधीच सांगून ठेवते.

काल आपली कार्यशाळा झाली. तुझ्या नावानं झाली. सगळीकडे तिचं कौतुक छापून येईल, पण तिथे काय झालं ते तुला माझ्याशिवाय कोणी खरं सांगणार नाही.

वर्ध्यातल्या एका कॉलेजात आपण दोघी भूगर्भशास्त्र शिकवत आलो. विभाग म्हणजे काय, दोन टेबलं, दगडांनी वाकलेलं एक कपाट आणि आपलं भांडण. बाहेरच्या माणसाला ते भांडण समजावून सांगायचं तर फार अवघड नाही. आपल्या पायाखालचा सगळा काळा दगड लाव्ह्याचा, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. तो लाव्हा भेगांतून निवांत वर आला आणि ताटात पिठलं पसरावं तसा पसरला, हेही पाठ. तुला ते 'निवांत' मान्य नव्हतं. मधून मधून मोठे स्फोट झाले, राख आभाळात उडाली आणि ती आपल्या भागात येऊन पडली, असं तुझं म्हणणं. पुरावा म्हणून तू केळझरच्या पुढे डोंगर कापून काढलेल्या रस्त्याकडे बोट दाखवायचीस. त्या खिंडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये एक मऊ, विटकरी थर होता, जेमतेम वीतभर जाडीचा. तू म्हणायचीस, राख. मी म्हणायचे, माती. खालचा लाव्हा थंड झाल्यावर त्यावर साचलेली आणि वरच्या लाव्ह्यानं भाजून काढलेली साधी माती.

भिंगातून पाहिलं की त्या थरात मोहरीएवढे गोळे दिसायचे, आत वर्तुळात वर्तुळ असलेले. तुझ्या मते ते राखेच्या ढगात ओल शिरून वळले गेलेले आणि गारांसारखे खाली पडलेले. माझ्या मते ती तेव्हाच्या गांडुळांची विष्ठा होती. "नले, तुले सगळीकडं तेच दिसते," असं म्हणून तू भिंग माझ्या हातातून काढून घ्यायचीस. नमुने तपासायला पाठवून झाले. उत्तर आलं की ही चिकणमाती आहे. त्यानं काहीच सुटलं नाही, कारण इतक्या काळात राखेचीही चिकणमातीच होते. आता सगळी मदार थराच्या आकारावर होती. राख चाळणीतून पीठ पडावं तशी पडते, उंचवट्यावर आणि खळग्यात सारखीच. माती खळग्यात जाड साचते आणि उंचवट्यावर पातळ राहते. खिंडीच्या डाव्या टोकाला थर सगळीकडे सारखा होता, तिथे तुझी सरशी. उजव्या टोकाला तो खळग्यात जाड झालेला, तिथे माझी. मधला भाग दरड घसरून झाकला गेला होता, आणि त्या ढिगाखाली एक मोठा उंचवटा असणार हे दोन्ही बाजूंच्या उतारांवरून कळत होतं. त्या उंचवट्यावर थर कसा आहे, एवढंच पाहायचं राहिलं होतं.

कुदळ-फावडं घेऊन आपण एका दुपारी तो ढीग बाजूला करू शकलो असतो. तू करू दिलं नाहीस. मी एकदा फावड्याला हात घातला तर तू त्याच्या दांड्यावर पायच ठेवलास. तुझं म्हणणं असं की जे पाहायचं ते सगळ्यांनी एकाच वेळी पाहायचं, कारण एकट्यानं गेलेला माणूस आपल्याला हवं तेच पाहून परत येतो. "मी गेली तं मले राखच दिसन, अन् तू गेली तं गांडुळ." म्हणून कार्यशाळा. देशभरातून स्फोटक ज्वालामुखींवर काम करणारी माणसं बोलवायची, त्यांना त्या ढिगासमोर उभं करायचं आणि त्यांच्या हातांनी, ब्रशांनी आणि खुरप्यांनी तो भाग मोकळा करायचा. आणि तिथे बोलायचं कोणी? तर मी. तुझ्या सगळ्या छोट्या कार्यशाळांचा तोच रिवाज होता: ज्याला पटत नाही त्यानं खडक दाखवायचा. ज्याला पटलेलं असतं तो दाखवत नाही, विकतो, असं तू म्हणायचीस.

त्या छोट्या कार्यशाळा आठवल्या की मला आजही बरं वाटतं. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण त्या ठरवायचो. भाजी निवडता निवडता तू नकाशावर बोट फिरवायचीस आणि नकाशाला मेथीची माती लागायची. तुझे दादा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले रामदासदादा, समुद्रपूरहून आले की बसचं सगळं तेच ठरवायचे. कुठला ड्रायव्हर घाटात नीट चालवतो, कुठे वळायला जागा आहे, सगळं त्यांच्या तोंडावर. आणि तुझा पहिला प्रश्न कायम एकच असायचा, बायांनी जायचं कुठे? इतर ठिकाणच्या आयोजकांना हा प्रश्न पडतच नाही. त्यांच्या फिल्ड ट्रिपमध्ये मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी उन्हात चक्कर येऊन पडतात, मग 'मुलींना हे जमत नाही' असं म्हणायला हे मोकळे. तू आधी जाऊन शेताच्या कडेची आडोशाची जागा, एखाद्या घरचं संडास, त्या घरच्या बाईची परवानगी, हे सगळं ठरवून यायचीस. त्यानंतर खडक.

खडकासमोर गेल्यावर पहिला काही वेळ हातोडा बंद, तोंडही बंद. फक्त बसून चित्र काढायचं. बाहेरगावाहून आलेल्या एका मोठ्या माणसानं घाईघाईत चार रेघा मारून वही मिटली होती, आठवतं? तू ती उघडलीस, खडकाकडे पाहिलंस, वहीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "सर, तुमच्या गावचा खडक काढला वाटतं. हा पुन्हा काढा." पण ते गृहस्थ चांगले होते, खाली मांडी घालून बसले आणि पुन्हा चित्र काढलं. जाताना तुझ्या पाया पडायला निघाले तर तू दोन पावलं मागे सरलीस आणि ज्वारीच्या धांड्यात अडखळून पडलीस. मी तुला उठवायचं सोडून हसत बसले.

मोठ्या कार्यशाळेचा प्रस्ताव कॉलेजकडे गेला आणि तिथून सगळं नासायला लागलं. समिती झाली. समितीत भूगर्भशास्त्राच्या आपण दोघी आणि बाकीचे सगळे सत्काराचे तज्ज्ञ. पहिल्या बैठकीत शाल कोणत्या रंगाची यावर चर्चा झाली. दुसऱ्या बैठकीत स्मृतिचिन्ह काचेचं की लाकडाचं. तू वही उघडून बसली होतीस, पण तुझी पाळी येईपर्यंत चहा आला आणि बैठक संपली. प्रत्येक बैठकीत प्रत्यक्ष खडकावरचा वेळ थोडा थोडा कापला गेला. आधी काही दिवस होते, मग एकच दिवस झाला, मग अर्धा, आणि शेवटी छापील कार्यक्रमपत्रिकेत 'निसर्गरम्य स्थळाची धावती भेट व भोजन' असं उतरलं. तू ते वाचलंस आणि कागद टेबलावर आपटलास.

"मॅडम, तुमी समजून घ्या," सचिव म्हणाले. "एवढे मोठे पाहुणे दगड पाहाले थोडी येऊन राह्यले."

"मंग काय पाहाले येऊन राह्यले, तुमचं तोंड?" तू म्हणालीस.

मी टेबलाखालून तुझा हात धरला, थांबवायला नाही, मला आनंद झाला म्हणून. तू त्या दिवशी अर्धा दिवस परत मिळवलास. त्या रात्रीपासून तुला ताप भरला आणि तू म्हणालीस की त्या माणसाचा चेहरा पचला नाही म्हणून असं झालं. आपण दोघीही हसलो. ताप उतरलाच नाही.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवसांचं मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही. दादा आले की तू त्यांच्याशी गोंडीत बोलायचीस आणि मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे. ते बाहेर गेले की माझ्याकडे वळून बसचं विचारायचीस, पाण्याचं विचारायचीस, मुलींच्या जागेचं विचारायचीस. एकदा मात्र खडकाचंच बोललीस. आवाज बसलेला होता.

"नले, आता तरी म्हन. राख."

"माती," मी म्हणाले.

नर्सनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तुझा गळाच दाबते आहे. तू हसायला लागलीस, हसता हसता खोकायला लागलीस, आणि खोकला थांबल्यावर म्हणालीस, "बरं झालं बापा. तू राख म्हनली असती तं मी समजली असती का डॉक्टरनं तुले काई सांगतलं."

सांगितलं होतं, शेवंता. त्याच सकाळी सांगितलं होतं. तेवढं एक तुझ्यापासून लपवता आलं, आणि ते आपल्या भांडणामुळे लपवता आलं.

तू गेलीस आणि दुसऱ्या आठवड्यात समितीनं मला बोलावलं. कार्यशाळा रद्द होणार असं मी समजून चालले होते. पण तिथे सगळे खूश होते. तू गेल्यामुळे कार्यक्रमाला वजन आलं होतं! 'स्मृती' हा शब्द लागला की पाहुणे नाही म्हणत नाहीत, असं एकानं माझ्यासमोर बोलून दाखवलं. सचिव म्हणाले, खिंडीचं सगळं काम आम्ही हातात घेतलंय, तुम्ही काही काळजी करू नका, तुमचं मन सध्या ठिकाणावर नसेल. मन ठिकाणावर नव्हतं हे खरं. मी 'हो' म्हणून घरी आले आणि काही दिवस कुठेच गेले नाही.

मग गेले. केळझरला देवळाच्या बाजूनं उतरून पुढे रिक्षा केली. खिंडीच्या वळणावर ओळखीचं काहीच दिसेना. कडेची झाडझुडपं काढली होती, दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या आणि खडक चमकत होता. अगदी चमकत होता. मध्ये पाण्याचा टँकर उभा होता आणि एक माणूस जाड पाइप गुंडाळत होता. मी रिक्षातून उतरले आणि पहिल्यांदा मला कळलंच नाही की काय नाही. खालचा काळा थर होता, वरचा काळा थर होता. त्यांच्या मध्ये जी विटकरी रेघ हवी होती तिथे एक खोबण होती आणि तिच्यात करडं सिमेंट भरलेलं होतं. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. सिमेंटवर ऑइल पेंटनं बाण काढला होता आणि बाणासमोर लिहिलं होतं: 'राख थर. संशोधक: स्व. शेवंता मडावी.'

मी त्या टँकरवाल्याला विचारलं, हे काय केलं? तो भला माणूस होता, घाबरून गेला. "साहेबानं सांगतलं का पाहुणे येऊन राह्यले, चकाचक पाहिजे. आमी पानी मारलं. मधातलं ते मऊ होतं, ते निघून गेलं सगळं. वरचा दगड पडन असं वाटलं म्हनून मिस्त्रीनं सिमेंट भरलं."

"आणि मधला ढीग? तो काढला तेव्हा खाली थर कसा होता? जाड होता की पातळ? सगळीकडे सारखा होता का?"

"बाई," तो म्हणाला, "मी पानी मारून राह्यलो होतो. पाहून नाई राह्यलो."

मी रस्त्याच्या कडेला बसले आणि मला उलटी झाली. दुःखानं होते तशी नाही, घाण खाल्ल्यावर होते तशी. कोट्यवधी वर्षं दोन दगडांच्या मध्ये टिकून राहिलेली गोष्ट एका दुपारी रस्त्यावरून वाहून नाल्यात गेली होती. आपण दोघींनी हात आखडून ठेवला होता, तू फावड्यावर पाय ठेवला होतास, आणि ज्या एका जागेसाठी हे सगळं, ती उघडी पडली तेव्हा तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. टँकरवाल्याचा मला राग आला नाही. ज्यांनी तुझ्या नावानं हे करायला सांगितलं त्यांचा आला. तुझ्या प्रेमापोटी केलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं. हे त्यांनी फोटो चांगला यावा म्हणून केलं.

सचिव फोनवर समाधानात होते. "आता पावसानं बी काई होत नाई पाहा त्याले. कायमचं काम झालं." मी म्हणाले, ते सिमेंट आहे, येणाऱ्या माणसांना एका नजरेत कळेल, ते हसतील, तिच्या नावावर हसतील. तर म्हणाले, "मॅडम, तुमी दोघी भांडत होत्या ते आमाले माहीत हाय. आता त्या गेल्या. त्यांचं नाव होऊन राह्यलं. तुमी फक्त तिथं उभ्या राहून सांगजा का राख सिद्ध झाली." आणि वर असंही सांगितलं की फलकाचं अनावरण रामदासदादांच्या हस्ते आहे, ते फार खूश आहेत.

ते खरंच खूश होते. मी समुद्रपूरला गेले तेव्हा दादांनी नवा सदरा शिवायला टाकला होता. वहिनींनी चहा आणला आणि दादा सांगायला लागले, आमच्या खानदानात आजवर कोणाचं नाव दगडावर लागलं नाही, लोक पिढ्यान्पिढ्या त्या डोंगरांतून लाकडं वाहत आले, आणि आता त्याच डोंगरात आमच्या शेवंताचं नाव. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या हातातला चहा निवला. मला वाटलं, कशाला सांगायचं? गेलेल्या बाईचं नाव लागतंय, भावाला आनंद आहे, मी कोण मध्ये पडणारी? मग तो ऑइल पेंटचा बाण डोळ्यांसमोर आला.

मी सांगितलं. थर काय होता, कसा गेला, आत काय भरलंय. दादा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा कठीण होत गेला.

"तुमाले जळते," ते म्हणाले. "ते जिती होती तवा बी तुमी तिले खोटं म्हनत होत्या. आता मेल्यावर बी सोडत नाई."

"जिवंत होती तेव्हा मी तिच्या तोंडावर म्हणत होते, दादा. आता तिच्या पाठीमागे हे लोक तिच्या नावावर सिमेंट खपवतायत."

"लोकाइले काय समजते!"

"जे येणार आहेत त्यांना समजतं. त्यांच्यासाठीच तर ती हे सगळं करत होती."

ते उठून ओसरीवर गेले. वहिनी माझ्याकडे पाहीनात. मग दादा दारातूनच म्हणाले, "तिले दाखवलं असतं तं काय म्हनली असती ते?" त्याचं उत्तर तूच दिलं असतंस, आणि ते वहिनींसमोर उच्चारण्यासारखं नसतं. दादांना ते बहुतेक ऐकू आलं. त्यांच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला, पण ते हसले नाहीत. "जा तुमी," एवढंच म्हणाले. बसस्टँडपर्यंत सोडायला आले नाहीत. नेहमी यायचे.

काल खिंडीत मांडव होता. लाल गालिचा होता, खडकाला झेंडूच्या माळा होत्या. माइकवर कोणीतरी कविता म्हणत होतं. पाहुणे बसमधून उतरले आणि त्यांच्यातले दोघे-तिघे थेट खडकाकडे गेले, मला माहीत होतं जातील. एकानं वाकून नखानं सिमेंट खरवडलं आणि मागे वळून दुसऱ्याकडे पाहिलं. शेवंता, ती नजर मला विसरता येणार नाही. त्यात चेष्टा नव्हती, कीव होती. आणि कीव तुझ्या नावाची होती. पहिल्या रांगेत दादा नवा सदरा घालून बसले होते. ते माझ्याशी बोलले नव्हते.

सचिवांनी त्यांच्या हातात फलकावरच्या पडद्याची दोरी दिली. दादा उभे राहिले, दोरी धरली, पडद्याकडे पाहिलं. मग गाडीत गर्दी झाल्यावर लावत असतील त्या आवाजात म्हणाले, "थांबा. पहिले नलूताई बोलतील. खडक त्याच दाखवतात." सचिव काहीतरी पुटपुटले. दादांनी दोरीची दोन्ही टोकं एकत्र घेतली, खांबाभोवती आवळून गाठ मारली आणि खाली येऊन बसले.

मी माइक घेतला नाही. खडकाजवळ गेले आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. सांगितलं, हे जे करडं दिसतंय ते सिमेंट आहे आणि हे आमच्या कॉलेजनं भरलंय. इथे एक थर होता. ज्या बाईचं नाव इथे रंगवलंय तिचं मत होतं की ती स्फोटातली राख आहे, आणि तिनं ते कधीही सिद्ध झालं असं म्हटलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून पाहावं म्हणून तिनं मधला भाग स्वतःसुद्धा उघडून पाहिला नाही. तो आता धुतला गेलाय. तिचं मत मग मी त्यांना सांगितलं, सगळं. डावं टोक, थराची सारखी जाडी, मोहरीएवढे गोळे, त्यांच्यातली वर्तुळं. मी इतकं चांगलं सांगितलं, शेवंता, की मलाच क्षणभर पटलं. सचिव मांडवात घाम पुसत उभे होते. मला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. बायांचं विचारशील तर, संडासाची सोय त्यांनी केली नव्हती. आलेल्या मुलींना मी खिंडीजवळच्या आपल्या त्या नेहमीच्या घरी घेऊन गेले.

परत आले तर सगळे खडकापाशीच थांबले होते, जेवायला कोणी गेलं नव्हतं. नखानं सिमेंट खरवडणाऱ्या त्या पाहुण्यांनी वही उघडली आणि फार अदबीनं विचारलं, "मॅडम, आणि तुमचं स्वतःचं मत काय होतं?"

"माती," मी म्हणाले.

आणि बोलणं तिथेच थांबवलं. जागा सोडली तुझ्यासाठी, नेहमी सोडते तशी. दादांनी मान वर केली, तेही वाट पाहत होते. खिंडीत नुसता वारा होता आणि मांडवाचं कापड फडफडत होतं. 'तुले सगळीकडं तेच दिसते' असं कोणी म्हटलं नाही. कोणी माझ्या हातातून भिंग ओढलं नाही.

त्यांनी माना डोलावल्या, शेवंता, आणि माझं म्हणणं निमूट लिहून घेतलं.